धोंड्याच्या महिन्यातले बूट

आमच्या घरात पैसा नव्हता असं कुणी समजू नका. पैसा होता. त्या साली हळदीला भाव बरा लागला होता, विहिरीला पाणी होतं, आणि ताडकळसच्या बाजारात लोक बाबांना हाक मारून चहाला बसवत होते. फक्त आमच्याकडे पैसा खर्च करायची एक रीत होती. जे रस्त्यावरून दिसतं त्याच्यावर खर्च करायचा, आणि जे घरात वापरायचं त्याला ‘चालतंय की’ म्हणायचं. म्हणून आमचं गेट लोखंडी, वर मोराची नक्षी, आणि आत मोरीला दार नाही, पोत्याचा पडदा. पाहुण्यांचे काचेचे कप कपाटात कुलपात, आणि आम्ही कान तुटलेल्या कपातून चहा पिणार. भावकीतल्या लग्नात आहेर करताना बाबांचा हात कधी आखडला नाही, पण माझ्या कंपासपेटीचं झाकण मी तीन वर्षं रबर लावून बंद करत होते.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. या हिशेबात मी घरात वापरायच्या वस्तूंमध्ये मोडत होते.

अकरावीला मला परभणीच्या कॉलेजात घातलं, सायन्सला. फी बाबांनी एका दमात भरली. ‘पोरगी परभणीला सायन्सला हाय’ हे चारचौघांत सांगता येत होतं ना. रोज सकाळी एसटी, संध्याकाळी एसटी. कॉलेजला गणवेश होता, आकाशी कुर्ता आणि पांढरी सलवार. त्यामुळे वरून बघितलं तर सगळ्या पोरी सारख्या. पण पायात काय घालायचं ते कॉलेजने सांगितलं नव्हतं, आणि सगळा घोळ तिथंच होता.

शहरातल्या पोरींच्या पायात पांढरे बूट असायचे. जाड तळव्याचे, लेस बांधलेले, आखूड मोज्यांवर घातलेले. खेड्यांतून येणाऱ्या आमच्या पायात चपला, नाहीतर आठवडी बाजारातले पट्ट्याचे सँडल. वर्गात शिरणाऱ्या पोरीच्या पायाकडे एकदा बघितलं की ती कुठल्या एसटीतून उतरली असेल ते कळायचं. आधी आमच्या बसमधल्या पोरींचं एक बरं होतं, सगळ्यांचे पाय सारखेच. पण पेरण्या होईस्तोवर एकीच्या मामाने तिला बूट आणले, मग दुसरीने रडून घेतले, मग तिसरीने. श्रावण जवळ आला तेव्हा बसमध्ये चप्पल घालणारी मी एकटी उरले होते.

मला ते बूट फार आवडत होते असंही नाही. खरं सांगायचं तर ते पायाला अवजड दिसायचे. पण बाकाखाली पाय मागे ओढून बसायचा मला कंटाळा आला होता. फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं की मला उत्तराची भीती नव्हती, बाकापासून फळ्यापर्यंत चालत जायची होती. एकदा पुढच्या बाकावरच्या पोरीने सहज विचारलं, “तू एसटीने येतेस ना? कळतं.” ती काही वाईट पोरगी नव्हती. चिडवतही नव्हती, नुसतं सांगत होती. म्हणून तर ते जास्त लागलं.

अशात पंधरा ऑगस्टच्या नाचासाठी मॅडमनी पोरी निवडल्या आणि त्यात माझं नाव आलं. नुसतं आलं नाही, पहिल्या रांगेत आलं. मी बरी नाचते. गल्लीतल्या हळदी-वराती काही फुकट गेल्या नव्हत्या. नाच बसवणारी पोरगी बारावीची होती. तिने सगळ्यांना उभं करून सांगितलं, “निळी जीन्स, पांढरा कुर्ता, पांढरे बूट. सगळ्या सारख्या दिसल्या पाहिजेत. कुणाकडे बूट नसतील तर आत्ता सांगा, त्या जागी दुसरी घेते.”

मी म्हणाले, “आहेत.”

जीन्स बसमधली मैत्रीण देणार होती. पांढरा कुर्ता ताईचा घरात पडून होता. बूट मात्र उसने मिळण्यासारखे नव्हते, कारण ज्यांच्याकडे होते त्या सगळ्या नाचात होत्या. आता बूट मिळाले तर मी पहिल्या रांगेत, नाही मिळाले तर पोरींच्या घोळक्यात बसून दुसरीला टाळ्या वाजवायच्या. माझं एवढंच अडलं होतं. पण घरात ते सांगायला गेले आणि मला धोंडा आडवा आला.

तीन वर्षांनी एक जादा महिना येतो आणि त्या महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण मोठ्या लेकीच्या लग्नानंतरचा पहिला धोंडा म्हणजे काय असतं, ते ज्या घरात धाकटी लेक आहे त्या घराला विचारा. ताईचं लग्न आदल्या उन्हाळ्यात झालं होतं. दाजी पुण्याला कंपनीत. लग्न झालं, दिवाळसण झाला, संक्रांतीचं वाण झालं, आणि आता घर परत कंबर कसून उभं राहिलं. जावयाला अंगठी, ताईला साडी, तिच्या सासूला साडी, दाजींना सफारीचं कापड, चांदीचं निरांजन. आई दुपारभर अनारशाचं पीठ बघत बसायची, आणि मी तिच्यासमोर जाऊन बसायचे.

“आई, बुटाचं काय?”

“आता बूट काढू नको बाई. धोंडा होऊ दे, मंग बगू.”

“धोंड्याच्या मागंच पंधरा ऑगस्ट हाय.”

“मंग तुझ्या कॉलेजवाल्यांना सांग, जरा फुडं ढकला मनून.”

आई हे गंभीरपणे म्हणत होती. आमच्या घरात त्या महिन्यात सगळंच पुढं ढकललं होतं. मोरीचं दार पुढं ढकललं होतं, आईची दाढ दुखत होती तीही. गालाला लवंगेचं तेल लावून ती जावयासाठी अनारसे थापत होती. मला तिची कीव यायच्या ऐवजी रागच यायचा.

मग मी बाबांकडे गेले. बाबा ओट्यावर बसले होते.

“पांढरे?” त्यांनी विचारलं. “आपल्या चिखलात पांढरे बूट? एसटीतून उतरलीस की काळे व्हतेत. त्यापरीस दहावीचे काळे हायेत न्हवं, तेच घाल की.”

“सगळ्या पोरी पांढरे घालायलेत बाबा.”

“सगळ्या काय बी करतेत. एका दिवसाच्या नाचासाठी कोण बूट घेतं?”

“सफारीचं कापड बी एका दिवसासाठीच हाय.”

आतून आईने माझ्या नावाने एवढ्या जोरात हाक मारली की पुढचं बोलणं तिथंच संपलं.

मला सगळ्यात जास्त चीड कधी आली असेल तर ती यानंतरच्या आठवड्यात. जावई येणार म्हणून बाबांनी घराला रंग द्यायचं काढलं. सगळ्या घराला नाही, अर्थात. समोरच्या भिंतीला आणि ओट्याला. परभणीहून रंगाचा डबा आणला, पांढराशुभ्र. दुकानदाराने सांगितलं होतं, पाऊस लागू द्या, ऊन लागू द्या, पाच वर्षं भिंतीकडं बघायचं काम नाही, ग्यारंटी. बाबा ही ग्यारंटी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होते. दूध घालायला आलेल्यालाही ऐकवली. काळ्या मातीत पांढरे बूट मळतात म्हणणाऱ्या माणसाने भर पावसाळ्यात, रस्त्याच्या कडेला, पांढरी भिंत रंगवून घेतली. ट्रॅक्टर गेला की खालच्या वीतभर भिंतीवर चिखल उडायचा, आणि तो ओल्या फडक्याने पुसायचं काम माझ्याकडे होतं. मी पुसत होते आणि मनात बाबांशी भांडत होते. मनातल्या भांडणात मी दरवेळी जिंकायचे.

धोंड्याचा दिवस उजाडला. ताई आली, दाजी आले, ताईच्या सासूबाई आल्या. गेटातून आत येताना दाजींच्या पायात काय होतं सांगू? पांढरे बूट. आमच्या गल्लीतून चालत आल्यामुळे घोट्यापर्यंत चिखलाने भरलेले. आईने ते बघितले आणि हळूच मला म्हणाली, “धुऊन ठेव गं, पाव्हण्यांना जाताना चांगले पायजेत.” मी मोरीत बसून जुन्या ब्रशने ते बूट घासले. छान निघाले. मळले तर धुता येतात, हे मी बाबांना दाखवणार होते, पण बाबा तेव्हा पाहुण्यांचे पाय धूत होते.

ताई-दाजींना पाटावर बसवलं. तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, वर तुपाचा दिवा. बाबांनी अंगठी घातली, आईने ताईची ओटी भरली. भावकीतली चार माणसं बघायला होतीच. नसती तर बाबांना अंगठी घातल्यासारखं वाटलं नसतं. मग कुणीतरी म्हणालं, मेव्हणीने ओवाळायचं. मी निरांजन घेऊन ओवाळलं. दाजींनी खिशात हात घातला आणि ताटात ओवाळणी टाकली. घडी केलेल्या नोटा होत्या. न उलगडताच मला कळलं की बूट आले.

तो क्षण मला अजून आठवतो. मी ताट उचललं तेव्हा माझे हात हलके झाले होते. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून येताना कुठल्या दुकानात जायचं, तेही माझं ठरलं होतं. मी वळले, तेवढ्यात बाबांचा हात ताटात आला.

“जावयाचं ठिवून घ्यायचं नसतंय,” ते म्हणाले. “धोंड्यात तर बिलकुल न्हाई.”

दाजी म्हणाले, “अहो राहू द्या, तिची ओवाळणी आहे ती.”

“तुमी पाव्हणे हाव. तुमचं आमी कसं घेणार? लोक काय मनतेन?”

आणि बाबांनी त्या नोटा घेतल्या, आपल्या बंडीच्या खिशातून तेवढ्याच आणखी काढल्या, आणि सगळं ताईच्या ओटीत घातलं. भावकीतल्या एका काकांनी मान डोलावली. लग्नात दाजींचे बूट लपवून मिळालेले पैसेही असेच परत आहेरात गेले होते, पण तेव्हा निदान दुप्पट झाले नव्हते. माझ्या डोळ्यांदेखत एक जोड नाही, दोन जोड बूट ताईच्या ओटीत जाऊन पडले. मी नुसता दिवा उरलेलं ताट घेऊन आत गेले आणि ते स्वयंपाकाच्या ओट्यावर इतक्या जोरात आपटलं की दिवा विझला. आई म्हणाली, “दिवा असा विझवू नये.” मी म्हणाले, “मी काय विझवला? आपोआप विझला.”

दुपारी पुरण खाऊन सगळे सुस्तावले. बाबा ओट्यावर, दाजी पंख्याखाली, आई भांड्यांच्या राशीपाशी बसल्या बसल्या पेंगत होती. जिन्याखाली रंगाचा डबा होता. तळाशी चांगला चार बोटं रंग उरला होता. दहावीचे काळे बूट मी माळ्यावरून काढले, फडक्याने पुसले, आणि मागच्या अंगणात बसून त्यांना रंग द्यायला घेतला.

पाऊस लागू द्या, ऊन लागू द्या. मी ती ग्यारंटी इतक्या वेळा ऐकली होती की तिच्यावर माझा बाबांपेक्षा जास्त विश्वास बसला होता.

पहिला हात काळ्यावर नीट बसला नाही, राखी दिसायला लागला. दुसरा हात दिला तेव्हा ते खरंच पांढरे झाले. ताई मागच्या दाराने बाहेर आली. अंगावर नवी साडी, हातात चुडा, चेहऱ्यावर झोप.

“काय करायलीस?”

“दिसंना का.”

ती माझ्याशेजारी पायरीवर बसली.

“ओटीतले पैशे हायेत का?” मी विचारलं.

“आत्याबाईंनी ठिवायला घेतले.” म्हणजे तिच्या सासूने. मग ती म्हणाली, “मी बारावीला बॅग मागितली होती. पाठीवरची. बाबा मनले, लग्नात सूटकेस देऊ.”

“मंग?”

“दिली की.”

तिने माझ्या हातातून ब्रश घेतला आणि टाचेची राहिलेली बाजू रंगवली. मला तिच्यावरही चिडायचं होतं, पण ते जमलं नाही.

पंधरा ऑगस्टला ताई, दाजी आणि सासूबाईंना परभणीच्या स्टेशनवर सोडायला बाबांनी जीप केली, त्यात मीही बसले. बूट पिशवीत घेतले होते. कॉलेजच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ मी ते घातले. उभी राहिले तेव्हा चांगले दिसत होते. रांगेत गेले तर नाच बसवणाऱ्या पोरीने सगळ्यांच्या पायांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावरून तशीच पुढे गेली. महिनाभर मला एवढंच हवं होतं, आपल्या पायावरून कुणाची तरी नजर न थांबता पुढे जावी.

स्टेजवर लाल कार्पेट होतं. गाणं लागलं, पहिलं पाऊल टाकलं, आणि मला आवाज आला. बाकी कुणाला आला नसेल. सुकलेल्या चिखलावर पाय दिल्यावर येतो तसा, बारीक. भिंत वाकत नाही आणि बूट वाकतो, हे मला आधी सुचायला हवं होतं, सायन्सला होते मी. गाणं अर्ध्यावर येईपर्यंत माझ्या भोवती पांढरे तुकडे पडायला लागले होते. प्रत्येक उडीला एक पापुद्रा सुटायचा. शेजारची पोरगी नाचता नाचता ओठ न हलवता म्हणाली, “काय सांडायलीस?” मी हसत होते. मॅडमनी सांगितलं होतं, काही झालं तरी चेहऱ्यावर हसू पाहिजे. मी शेवटपर्यंत हसत होते.

टाळ्या झाल्या. मग माईकवरून आवाज आला, पुढचा कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी जरा स्टेज झाडून घ्या. एक माणूस खराटा घेऊन आला आणि जिथं मी उभी होते तेवढीच जागा त्याने झाडली. समोर बसलेल्या पोरी खो खो हसत सुटल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बूट आता ना काळे राहिले होते ना पांढरे, खरूज झालेल्या जनावरासारखे दिसत होते.

मी मागच्या बाजूने बाहेर आले तर गेटाशी बाबा उभे. स्टेशनवर गाडी सुटल्यावर ते तसेच नाच बघायला आले होते. मला ते येणार हे माहीत नव्हतं. त्यांनी सगळं बघितलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. ते माझ्यासमोर उकिडवे बसले, बुटावरून अंगठा फिरवला, आणि बोटावर आलेला रंगाचा तुकडा निरखून बघायला लागले. मला वाटलं, आता यांना कळलं. आता ते काही चांगलं बोलले तर आपण सगळ्यांसमोर रडणार, याची मला भीती वाटायला लागली.

“ह्यो आपल्या वट्ट्याचा रंग हाय का?” त्यांनी विचारलं.

“हो.”

ते उठले. “चल,” म्हणाले, आणि बाजाराच्या दिशेने निघाले.

ते पुढे, मी मागे. चालणं असं की काहीतरी ठरलेलं आहे. सुट्टीमुळे अर्धी दुकानं बंद होती, पण चपला-बुटांचं एक दुकान उघडं होतं. बाहेर दोरीला पांढरे बूट टांगलेले मला लांबूनच दिसले. बाबांची पावलं तिथं मंदावली. मी मनात माझा नंबर आठवत होते. बाबांनी दुकानाच्या पाटीकडे बघितलं, रस्ता ओलांडायला एक रिक्षा जाऊ दिली, आणि समोरच्या रंगाच्या दुकानात शिरले.

“बूट काढ,” ते मला म्हणाले.

मी काढला. त्यांनी तो उचलून काउंटरवर ठेवला, रंगाच्या कॅटलॉगवर.

“पाच वर्षाची ग्यारंटी दिली होती तुमी,” बाबा म्हणाले. “दोन दिस टिकला न्हाई.”

दुकानदाराने बुटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, एका पायावर उभी होते मी. “मामा, ह्यो भिंतीचा रंग हाय. बुटाचा न्हाई.”

“रंग रंगच असतोय. पोरीच्या बुटाला टिकंना तर माझ्या भिंतीला काय टिकणार? उद्या पाव्हण्यांपुढं माझी इज्जत जायची.”

वादावादी झाली. दोन गिऱ्हाईकं थांबून ऐकत होती. एकाने बूट हातात घेऊन बघितला आणि प्रायमर मारायला पाहिजे होता, असं मत दिलं. शेवटी दुकानदार वैतागला आणि बाबांना घालवायला म्हणून त्याने एक छोटा डबा फुकट दिला. बाबांनी तो माझ्या हातात दिला. बूटवाल्याचं दुकान तोपर्यंत बंद झालं होतं.

एसटीत तो डबा माझ्या मांडीवर होता. बाबा खिडकीपाशी बसले होते आणि फार खूश होते. “बगितलंस का,” ते म्हणाले, “बोलावं लागतंय. मागितल्याबिगर कुणी काय देत नसतंय.” मी खिडकीबाहेर बघत राहिले. सोयाबीन गुडघ्याएवढं झालं होतं.

बारावी संपेपर्यंत कॉलेजात मला ‘पेंटर’ म्हणत होते. दिवाळीला बाबांनी मला बूट आणले, आठवणीने, स्वतःहून. काळे आणले. मळत नाहीत म्हणून.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे विसरले असते. पण बाबांना तो प्रसंग आवडला. आधी त्यांनी तो दुकानदाराची जिरवली म्हणून सांगितला, मग हळूहळू त्यातला दुकानदार मागे पडला आणि मी पुढे आले. सोयरिकीत, बाजारात, कुणाच्या घरी पोर हट्ट करत असलं की हटकून. ‘आमच्या पोरीनं बुटाला घरचा रंग दिला, पण बापापुढं हात पसरला न्हाई.’ ऐकणारा माझ्याकडे कौतुकाने बघायचा आणि आपल्या पोराकडे रागाने. मी असल्या किती पोरांचे शिव्याशाप घेतले असतील, कोण जाणे.

यंदा परत धोंडा आला. समोरची भिंत परत रंगवली. मी आता बीएस्सीला आहे, आणि नको नको म्हणत असताना कुणीतरी एक स्थळ आणलं. नुसतं बघून जातील, बघितल्याने काय होतंय, असं आई म्हणाली. पाहुणे आले, मुलाचे आई-वडील आणि एक मामा. कपाटाचं कुलूप निघालं, काचेचे कप बाहेर आले. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले तेव्हा बाबा रंगात आले होते.

“लय समजूतदार पोरगी,” ते सांगत होते. आणि मग बूट, रंग, नाच, सगळं आलं. खराटा आला नाही, तो ते कधीच सांगत नाहीत. “आजवर पोरीनं एक वस्तू मागितली न्हाई बगा.”

मुलाची आई माझ्याकडे बघून प्रसन्न हसली. “अशीच पायजे,” ती म्हणाली. “आजकालच्या पोरींचं लय असतंय, ह्ये पायजे अन् ते पायजे.”

मला दिसलं, त्या एका वाक्यावर हे जमणार होतं. काहीही न मागणारी पोरगी त्यांना मिळत होती, आणि ती माझ्या नावावर खपत होती.

मी ट्रे खाली ठेवला. “मागितले होते,” मी म्हणाले.

बाबांना ऐकू आलं नसावं. “काय?”

“बूट. मागितले होते मी. आईला मागितले, तुमाला मागितले. हितंच, ह्या वट्ट्यावर. तुमी मनले, एका दिवसासाठी कोण बूट घेतं.”

आई दारात आली होती. तिने पदर तोंडाला लावला. मुलाची आई चहाच्या कपात बघायला लागली. मामांनी घसा खाकरला आणि विषय बदलावा म्हणून भिंतीकडे मान वळवली. “रंग चांगला बसलाय,” ते म्हणाले. “कुठल्या दुकानातून घेतला?”

हा प्रश्न बाबांचा फार लाडका होता. त्यांना दुकान, दुकानदार, ग्यारंटी, सगळं पाठ होतं. पण ते माझ्या पायांकडे बघत होते.

मी पाय मागे घेतले नाहीत.